एकट्या गिटारचा लोकधुनांचा अल्बम : पार्श्वभूमी

गायनाशिवाय, एकाच गिटारवर लोकधुनांचा अख्खा अल्बम काढण्याची अमेरिकेतली परंपरा मुख्यतः 1959 पासून मोजतात. त्याआधीचा वारसा होताच. एकोणिसाव्या शतकातल्या घरगुती वादनाच्या छापील रचनांत ओपन जी आणि ओपन डी ट्यूनिंग सापडतं, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या तरी जी किंवा डीचा पूर्ण कॉर्ड वाजेल अशी तारांची जुळवणी. पुढे 1920-30 च्या दशकांत दक्षिणेतले ब्लूजवादक अंगठ्याने मंद्र तारांवर ठेका धरून बोटांनी धून वाजवत होते. पण 78 आरपीएमच्या तबकडीची बाजू तीनेक मिनिटांत संपायची आणि गिटार बहुतेकदा गायकाच्या साथीला असायची.

1959 साली मेरीलँडमधल्या जॉन फेही या तरुण वादकाने स्वतःच शंभरेक प्रतींची लाँग-प्ले, म्हणजे जास्त वेळ चालणारी तबकडी, काढली. एका बाजूला त्याने स्वतःचं नाव घातलं, दुसऱ्या बाजूला 'ब्लाइंड जो डेथ' या काल्पनिक ब्लूजवादकाचं. खरा गुंता त्यानंतरचा आहे. 1964 मध्ये त्याने त्यातल्या काही रचना नव्याने मुद्रित केल्या, तर 1967 मध्ये जवळजवळ सगळा अल्बम पुन्हा वाजवून स्टिरिओत काढला. तोवर त्याचा हात बराच सफाईदार झाला होता. त्यामुळे 'पहिला अल्बम' म्हणून पुष्कळजण 1967 चं वादन ऐकतात आणि ती सफाई 1959 च्या खात्यावर टाकतात. ओळखायची खूण सोपी आहे : आवाज खरोखर स्टिरिओ असेल, तर मुद्रण 1967 चं. 1996 च्या सीडीत 1964 आणि 1967 ची मुद्रणं एकत्र आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीतही या अल्बमपुढे तिन्ही वर्षं आहेत. ऐकायला 1967 चं मुद्रण उत्तम आहे, पण शैलीचा उगम शोधायचा तर 1959 लाच जायला हवं. पुनर्मुद्रणाने तो उगम झाकला गेला, हे नुकसानच.

ट्यूनिंगचं गणित आपल्याकडच्या कानाला लगेच पटतं. ओपन जीसाठी सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवतात. जी हा षड्ज धरला, तर जाड तारेकडून प-सा-प-सा-ग-प मिळतं. ब्रिटनमध्ये 1960 च्या सुरुवातीला रुळलेल्या डी-ए-डी-जी-ए-डीमध्ये सहावी, दुसरी आणि पहिली तार उतरते. डी षड्ज धरून ते होतं सा-प-सा-म-प-सा. गंधार कुठेच नाही, म्हणून शुद्ध आणि कोमल, दोन्ही गंधारांच्या जुन्या आयरिश-स्कॉटिश धुना त्यावर बसतात.

तार उतरवली की ती थोड्या वेळाने आपोआप किंचित चढते. म्हणून हव्या स्वराच्या खाली नेऊन मग वर आणतात. एकूण ताण घटला की मानेचा बाकही बदलतो आणि न छेडलेल्या ताराही सरकतात, तेव्हा सहाही तारा पुन्हा तपासाव्या लागतात. सहावी तार सी स्वरापर्यंत उतरवली तर 0.053 इंचाची तार पडद्यांवर खडखडते. तिथे 0.056 ची लावतात.

1970 च्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातून याच वादनाचं शांत, घुमारेदार रूप आलं आणि दुकानांत ते 'न्यू एज' म्हणजे ध्यान-विश्रांतीच्या संगीताच्या खणात गेलं. 1980 च्या दशकात दोन्ही हातांनी तारांवर ठोके देणं, लाकडावर ताल धरणं आलं. मुद्रणही बदललं. माइक बाराव्या पडद्यासमोर साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवर ठेवतात. तो भोकासमोर नेला की मंद्र स्वर फुगतात. एका ट्यूनिंगच्या सगळ्या रचना एका बैठकीत वाजवून घेतात, क्रम नंतर लावतात.