जाड हातमोज्यांनी ब्रेकरचा हादरा अडतो का?

जाड हातमोजे घातले की ब्रेकरचा, म्हणजे हातात धरून खडक फोडायच्या यंत्राचा, हादरा हाताला लागत नाही, असा समज मराठवाड्यात विहिरीचा काळा पाषाण फोडणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे.

हातमोजे खरचटण्यापासून वाचवतात आणि बोटे उबदार ठेवतात, म्हणून ते घालावेतच. परंतु ब्रेकरचा हादरा कमी वारंवारतेचा (सेकंदाला कमी कंपनांचा) असल्यामुळे तो त्यांतून जवळजवळ तसाच पार होतो, आणि जाडीमुळे मूठ अधिक आवळावी लागली तर हातात जास्तच शिरतो. हातमोजे असूनही थरथर कोपरापर्यंत जाणवते का, हे चालवणाऱ्याने स्वतः पाहावे. कामानंतर बोटांना मुंग्या येत असतील किंवा थंडीत त्यांची टोके पांढरी पडत असतील, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे, कारण मुरलेली बधिरता बहुधा परत जात नाही. हादरा दुप्पट झाला की हातावर तेवढाच भार चौथाई वेळेत पडतो. म्हणून छिन्नी धारदार ठेवावी आणि यंत्र आळीपाळीने चालवावे.