अतिरिक्त पेनिट्रंट काढणे
धातूतल्या भेगा रंगीत द्रवाने शोधणाऱ्या द्रवभेदक चाचणीत, म्हणजे शॉपवरच्या बोलीत डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्टमध्ये, पृष्ठभागावर उरलेला हा द्रव, म्हणजे पेनिट्रंट, पुसण्याची किंवा धुण्याची पायरी. भेगेत शिरलेला रंग आत राहिला आणि बाहेरचा निघाला, तरच डेव्हलपरची पांढरी पूड आतला रंग शोषून भेगेची रेघ दाखवते. पृष्ठभागावर न उघडणारी पोकळी या चाचणीत सापडत नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या फौंड्री पट्ट्यात किरकोळ तपासणीला लाल पेनिट्रंट, क्लीनर आणि डेव्हलपर असे तीन स्प्रे कॅन पुरतात. लाल रंग मारून निदान ५ ते १० मिनिटे थांबतात. मग धागे न सोडणाऱ्या कोरड्या कापडाने, घडी बदलत, जमेल तेवढा रंग पुसून घेतात. शेवटचा हात क्लीनरने जेमतेम ओलसर केलेल्या कापडाचा; त्या कापडावर फिकट गुलाबी छटा उरली की थांबायचे. क्लीनर मारायचा तो कापडावर. डिस्पॅचच्या घाईत तो थेट कास्टिंगवर (ओतीव तुकड्यावर) फवारला, तर भेगेतला रंगही वाहून जातो. डेव्हलपर पांढराशुभ्र राहतो आणि तडकलेला तुकडा बिनबोभाट पास होतो. म्हणून फार स्वच्छ दिसणाऱ्या कास्टिंगकडे जरा संशयानेच पाहावे.

उलट, वाळूच्या साच्यातल्या खरखरीत कास्टिंगवर रंग खाचाखोचांत अडकतो, डेव्हलपर सगळीकडे गुलाबी होतो आणि खरी रेघ त्यात हरवते. तिथे पाण्याने धुता येणारा पेनिट्रंट सोयीचा. फवारा जाड थेंबांचा ठेवतात आणि दाब साधारण २७५ किलोपास्कलच्या (४० पीएसआय) आत. रुंद, उथळ दोषांतला रंग मात्र पाण्यासोबत सहज निघून जातो. त्यासाठी इमल्सिफायर (तेलकट रंग पाण्यात मिसळू देणारा द्रव) लावल्यावरच धुतला जाणारा प्रकार वापरतात. इमल्सिफायर किती वेळ ठेवायचा ते घड्याळ लावून पाळावे लागते. चमकणारा (फ्लुरोसंट) पेनिट्रंट अंधाऱ्या जागी अतिनील दिव्याखाली धुतात, म्हणजे कुठे थांबायचे ते दिसते.

जास्त धुतले गेल्यावर वरून पुन्हा रंग मारून भागत नाही. तुकडा पूर्ण साफ करून, सुकवून, चाचणी पहिल्यापासून घ्यावी लागते.