घाट आधी, मुंबई नंतर

पावसाचा जोर धरला की शनिवारी पहाटे शीव-पनवेल रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. कुणाला लोणावळा गाठायचा असतो, कुणाला भाजे-कार्ल्याची लेणी, कुणाला लोहगड. वाटेतला बोरघाट म्हणजे या सहलीतला नुसता चढ, कधी एकदा संपतोय असा. मी मात्र लहानपणापासून त्या चढाचीच वाट पाहत आलो, आणि पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं की या सहलीत बघण्यासारखी पहिली गोष्ट तो चढच आहे. मुंबई नावाचं शहर नव्हतं, तेव्हाही ही वाट होती.

कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री भिंतीसारखा उभा आहे. ती भिंत ओझ्याच्या बैलांना चढता येईल अशा जागा मोजक्याच, आणि त्या जागा म्हणजे घाट. सातवाहनांच्या काळात माल उतरायचा तो सोपारा, कल्याण आणि चौलच्या बंदरांत. आजचं नालासोपारा म्हणजे तेव्हाचं शूर्पारक. कल्याणहून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट या वाटांमध्ये सगळ्यात बोलका. घाटाच्या तोंडाशी कोरलेल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गायी आणि किती नाणी दक्षिणा दिली, याची यादीच त्यात आहे आणि त्यातले आकडे भारतातल्या अंकलेखनाच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत मोजले जातात. गुहेत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही होत्या. आता फक्त झिजलेली पावलं आणि वर कोरलेली नावं उरली आहेत. जवळच दगडी रांजण आहे. येणारेजाणारे त्यात जकात टाकत, असं पूर्वापार सांगतात. मुरबाडमार्गे माळशेजला जाणाऱ्या गाड्या वैशाखरे गावावरून भरधाव पुढे जातात, आणि नाणेघाटाची पायवाट सुरू होते ती तिथूनच.

बोरघाटाच्या माथ्यावर हीच गोष्ट लेण्यांच्या रूपात दिसते. भाजे, कार्ले, बेडसे, आणि घाटाखाली राजमाचीच्या पायथ्याला कोंढाणे. ही लेणी आडरानात का खोदली, असं अनेकांना वाटतं. पण ती आडरानात नव्हतीच, चालत्या व्यापारी वाटेच्या कडेला होती. भिक्षूंना पावसाळ्यात निवारा लागे, व्यापाऱ्यांना मुक्काम आणि पुण्य दोन्ही लागे. कार्ल्याच्या चैत्यगृहातले, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहातले, बरेच खांब एकेका दात्याने दिलेले आहेत आणि त्यांची नावं खांबांवरच कोरली आहेत. त्यांत स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवणारे धेनुकाकट नावाच्या गावचे लोक आहेत, आणि एक दाता सोपाऱ्याचा आहे. आज नालासोपाऱ्याहून कार्ल्याला निघालेल्या माणसाने तो खांब शोधून त्याला हात लावावा, असं मला मनापासून वाटतं. मान वर केली की छताच्या लाकडी कमानी दिसतात. त्या मूळच्याच, सुमारे दोन हजार वर्षांच्या.

वाट महत्त्वाची, म्हणून तिच्यावर नजर ठेवणारे गडही महत्त्वाचे: लोहगड, विसापूर, राजमाची. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाच्या फौजेला उंबरखिंडीत कोंडलं. खान कुरवंड्याच्या बाजूने कोकणात उतरत होता. खोपोलीजवळ चावणी गावापाशी तिथे आज स्मारक आहे. त्याच वर्षी पोर्तुगालने मुंबईची बेटं इंग्लंडच्या राजाला आंदण द्यायचं ठरवलं. सह्याद्रीत घाटाघाटांवरून लढाया होत होत्या तेव्हा मुंबई म्हणजे खाड्या, नारळीच्या वाड्या आणि काही कोळीवाडे एवढंच होतं.

मुंबईकर इंग्रजांना बोरघाटाची खरी ओळख झाली ती पहिल्या मराठा युद्धात. रघुनाथरावाला पुण्याच्या गादीवर बसवायचं म्हणून १७७८ च्या अखेरीस त्यांची फौज मुंबईहून निघाली. पनवेलला उतरून घाट चढताना तोफा आणि सामानाचे बैल वर न्यायलाच दिवसामागून दिवस गेले. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. त्याच्या धाडसाचं मराठ्यांनाही कौतुक वाटलं, आणि ‘इष्टूर फाकडा’ हे नाव मावळात राहिलं. मराठ्यांनी पुढचा मुलूख ओसाड करून ठेवला होता. तळेगावपर्यंत पोचलेली फौज मागे फिरली आणि वडगावला तिला तह करावा लागला. पुण्याला जायचं तर आधी घाट हाताशी हवा, हा धडा इंग्रज त्या महिन्यात शिकले.

घाटाखाली खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं मंदिर आजही आहे. चढणीआधी माणसं आणि जनावरं दम खायची ती याच पाण्याकाठी. १८०४ च्या सुमारास आर्थर वेलस्लीने, पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्यानेच, घाटात फौजेपुरता कच्चा रस्ता केला. बैलगाडी चढेल असा रस्ता मात्र पेशवाई गेल्यावर झाला. कॅप्टन ह्यूजच्या देखरेखीखाली तो बांधला गेला आणि गव्हर्नर सर जॉन माल्कमने नोव्हेंबर १८३० मध्ये खुला केला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून यायचा. आता देशावरचा कापूस गाडीने पनवेलच्या बंदरात आणि तिथून पडावाने, म्हणजे शिडाच्या होडीने, मुंबईत येऊ लागला. प्रवाशांचंही तसंच. पुण्याला जाणारा मुंबईकर आधी होडीत बसायचा, मग गाडीत. सायनचा कॉजवे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला, तरी पनवेलसाठी खाडी ओलांडणंच सोयीचं होतं.

   

बोरघाटातून रेल्वे गेली १८६३ मध्ये. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि काम त्याच्या पत्नीने, अॅलिसने, पुरं करवून घेतलं. बोगदे खोदताना हजारो मजूर पटकी आणि तापाने गेले. त्यांची नावं कुठेही कोरलेली नाहीत. कार्ल्याच्या खांबांवरची नावं वाचून त्याच घाटातून परतताना हे फार जाणवतं.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि बहुतेक मोटारींनी जुना रस्ता सोडला. घाटात १८३० च्या रस्त्यावरचा दगडी पूल तेवढा सगळ्यांना दिसत राहिला. अमृतांजनच्या जाहिरातीवरून त्याचं नावच अमृतांजन पूल पडलं होतं. लहानपणी तो दिसला की आम्ही ओरडायचो, आता लोणावळा आलं! खालून सहा पदरी वाहतूक, त्यात पुलाच्या खांबांची अडचण, म्हणून एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना तो सुरुंग लावून पाडला. वाहतुकीचं कारण खोटं नव्हतं. पण १९० वर्षं उभा असलेला पूल त्या शांततेत गेला आणि निरोपाला कुणीच नव्हतं, याची हळहळ अजून आहे.

जुना रस्ता मात्र आहे. पुण्याला निघालेल्या दुचाकींना द्रुतगती मार्गावर बंदी, म्हणून मोटारसायकलवाले आजही खोपोलीवरून तोच घाट चढतात. वाटेत शिंगरोबाचं देऊळ लागतं. शिंगरोबा धनगर. इंग्रजांना घाटातली वाट त्याने दाखवली आणि बदल्यात त्यांनी त्याचा जीव घेतला, अशी कथा आहे. कुणी ती रस्त्याबद्दल सांगतं, कुणी रेल्वेबद्दल. त्याच्यापाशी आले की ट्रकवाले वेग कमी करतात, एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने खिडकीतून नाणं टाकतात, आणि गियर बदलून पुढचं वळण घेतात.