जलतरण तलाव सफाई रोबोट (विनाकेबल)

जलतरण तलावाच्या तळावरील, भिंतींवरील व पाण्याच्या रेषेवरील गाळ, शेवाळ आणि पालापाचोळा घासून शोषून घेणारे, स्वतःच्या बॅटरीवर पाण्याखाली आपोआप फिरणारे यंत्र. तलावाच्या मुख्य पंपाशी त्याचा संबंध नसतो. पंप, बॅटरी आणि गाळणी ही तिन्ही त्याच्या पोटातच असतात. प्रस्तुत नोंदीत मोठ्या तलावांसाठी, म्हणजे स्थूलमानाने २५ मी. व त्याहून लांब तलावांसाठी, अशा यंत्राची निवड कशी करावी याचा विचार जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांचे हवापाणी समोर ठेवून केला आहे. विहिरी, शेततळी आणि उनपदेवसारखी गरम पाण्याच्या झऱ्यांची कुंडे येथे अभिप्रेत नाहीत.

उगम : या यंत्राच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. सर्वांत जुना दावा पिट्सबर्गच्या जॉन एम. डेव्हिसन याचा सांगितला जातो. त्याने १९१२ च्या सुमारास तलाव साफ करण्याच्या उपकरणासाठी अमेरिकेत पेटंट मागितले होते. हे उपकरण माणसाने फिरवायचे होते. स्वयंचलनाचा त्यात मागमूस नाही. शिकागोच्या रॉय एव्हरसन याचे १९३७ मधील साधनही शोषणाच्या तत्त्वावरचे म्हणून उल्लेखिले जाते, पण तेही याच वर्गातले. कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकात हॉवर्ड आर्नेसन याने दाबाच्या पाण्याने वळवळणाऱ्या नळ्यांचे ‘पूल स्वीप’ बाजारात रुजवले. ते माणसाशिवाय चालत असे. मात्र ते गाळ उचलण्यापेक्षा उडवण्याचे काम अधिक करी. उडालेला गाळ पकडण्याची जबाबदारी मुख्य फिल्टरवरच राही.

दक्षिण आफ्रिकेतील जलयांत्रिकी अभियंता फर्डिनांड शोव्हिए याने १९७४ मध्ये ‘क्रीपी क्रॉली’ हे यंत्र आणले. मुख्य पंपाच्या ओढीवर ते तळाला चिकटून धक्क्याधक्क्याने पुढे सरकत असे. काही लेखक यालाच पहिले खरे स्वयंचलित यंत्र मानतात. याउलट, रोबोट म्हणायचे तर यंत्राला स्वतःची मोटर व स्वतःची गाळणी हवी असा आग्रह धरणारे इस्राएलमधील इझ्रेएल किबुत्झमध्ये (सामूहिक वसाहतीत) १९८३ साली स्थापन झालेल्या मेट्रॉनिक्स कंपनीच्या ‘डॉल्फिन’ यंत्रांकडे बोट दाखवतात. घरातली फरशी झाडणाऱ्या रोबोटांमुळे माहीत झालेल्या आयरोबॉट कंपनीने २००७ मध्ये ‘व्हेरो’ या नावाने तलावाचे यंत्र विक्रीस आणले, त्यामुळे सामान्य वाचकाच्या मनात आरंभाचे श्रेय कधीकधी तिकडे जाते. ते ग्राह्य धरण्यास आधार नाही. निवडीच्या दृष्टीने पाहता मोटर व गाळणी यंत्रातच असणे ही कसोटी अधिक उपयोगी ठरते, कारण मुख्य पंपावर भार न टाकता सफाई होणे हाच या यंत्रांचा व्यवहारातला मोठा फायदा आहे.

वर सांगितलेली विजेची यंत्रे केबलची होती. काठावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून २४ ते ३० व्होल्टच्या आसपासचा दाब केबलने खाली जाई. केबल गळून पडण्याचा काळ नेमका सांगता येत नाही. लिथियम-आयन बॅटरी स्वस्त झाल्यावर, साधारणपणे २०१० नंतरच्या दशकात, विनाकेबल नमुने दिसू लागले आणि २०२० नंतर चिनी उत्पादकांमुळे त्यांची संख्या झपाट्याने वाढली.

रचना व दिशाज्ञान : पट्ट्यांवर किंवा चाकांवर चालणारा सांगाडा, पुढे-मागे फिरणारे ब्रश, पाणी ओढून वर फेकणारा पंखा आणि मधली गाळणीची टोपली हा सर्वसाधारण आराखडा. वर फेकलेल्या पाण्याच्या प्रतिक्रियेने यंत्र तळाशी किंवा भिंतीशी दाबून राहते. पाण्यात रेडिओलहरी फार लवकर विरतात. त्यामुळे यंत्र बुडाले की मोबाइलवरच्या ॲपशी त्याचा संपर्क जवळजवळ तुटतो. सूचना काठावर असतानाच द्याव्या लागतात. खाली गेल्यावर जायरोस्कोप (यंत्र किती वळले ते सांगणारे साधन), उताराचा संवेदक व काही नमुन्यांत श्राव्यातीत ध्वनी यांच्या आधाराने ते वाट काढते. भिंतीला आपटून वाटेल तिकडे वळणारे यंत्र छोट्या तलावात खपून जाते. मोठ्या तलावात ते काही पट्टे चारदा झाडते आणि काहींना शिवतही नाही, म्हणून तेथे शेतात नांगर फिरतो तशा समांतर ओळींनी जाणारेच यंत्र घ्यावे.

क्षेत्रफळाचे गणित : २५ मी. × १२.५ मी. तलावाचा तळ ३१२.५ चौ.मी. भरतो. सरासरी खोली १.५ मी. धरल्यास भिंतींचे आणखी ११२.५ चौ.मी. होतात. यंत्राची झाडण्याची रुंदी ४० सेंमी. व वेग मिनिटाला १० मी. मानल्यास तासाला २४० चौ.मी. हा केवळ कागदावरचा हिशेब झाला. वळणे आणि ओळींची एकमेकींवर येणारी कड यांत तिसरा हिस्सा गेला असे धरले, तर नुसत्या तळालाच सुमारे दोन तास लागतात. बहुतेक विनाकेबल यंत्रांची बॅटरी एका चार्जिंगमध्ये दीड ते तीन तास चालते. म्हणजे बॅटरी दोन तास टिकणारी असेल तर २५ मी. तलावाचा तळ एका दमात होतो, भिंतींसाठी बहुधा दुसरा दिवस ठेवावा लागतो.

५० मी. × २५ मी. तलावात हेच गणित कोलमडते. १,२५० चौ.मी. तळाला त्याच वेगाने आठ तासांच्या आसपास लागतात. तीन ते सहा चार्जिंगे, आणि प्रत्येकाला तीन ते पाच तास. एवढ्या तलावासाठी एकच विनाकेबल यंत्र घेणे हा पैसा पाण्यात घालण्याचाच प्रकार होय. तेथे लांब केबलचे सार्वजनिक तलावांसाठीचे यंत्र किंवा आलटून-पालटून चालणारी दोन विनाकेबल यंत्रे हेच पर्याय उरतात. जाहिरातीत दिलेले कमाल क्षेत्र हे सपाट तळाच्या, स्वच्छ, आयताकृती तलावासाठी असते. त्यातून तिसरा हिस्सा वजा करूनच तुलना करावी. उत्पादकाने दिलेली खोलीची मर्यादाही पाहावी. ती पुष्कळदा तीन मीटरच्या आसपास असते. जुन्या तलावांतील उडी मारण्याची खोल बाजू याहून खोल असेल, तर तेवढा भाग हातानेच करावा लागतो.

उष्णता व चार्जिंग : खानदेशात निवडीचा कस येथेच लागतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये सावलीतला पारा ४५° से.च्या आगेमागे जातो, आणि लिथियम-आयन बॅटरीच्या चार्जिंगची नेहमीची वरची मर्यादाही तेवढीच, ४५° से. आहे. त्यापुढे बॅटरीचे नियंत्रक मंडल (सर्किट) चार्जिंग थांबवते. न थांबवणारे यंत्र असेल तर ते अधिक वाईट. तलावाची पंपखोली पुष्कळदा पत्र्याच्या छपराची असते आणि दुपारी तिच्यातली हवा बाहेरच्यापेक्षा तापलेली असते. चार्जरचा दिवा दुपारभर लुकलुकत राहावा आणि संध्याकाळी यंत्र निम्म्या तलावातच थबकावे, यामागे यंत्राच्या दोषापेक्षा हे कारण असण्याचा संभव अधिक.

पाण्याचे तापमान त्या मानाने आड येत नाही. बहुतेक उत्पादक ३५° से.च्या सुमाराची मर्यादा घालतात. खानदेशातला उन्हाळा कोरडा असल्याने बाष्पीभवन भरपूर होते आणि मोठ्या तलावाचे पाणी हवेइतके तापत नाही. उथळ, लहान मुलांच्या टाकीबाबत मात्र सावध राहावे. संध्याकाळची शेवटची तुकडी बाहेर पडल्यावर रात्री यंत्र सोडावे, पहाटे काढावे, तासभर सावलीत निवू द्यावे आणि सकाळी दहाच्या आत चार्जिंग उरकावे, हा क्रम येथे सर्वांत सोयीचा. चार्जिंगचा काळ पाच तासांहून अधिक असलेले यंत्र या क्रमात बसत नाही. पोहणारे पाण्यात असताना यंत्र चालवू नये, हा उत्पादकांचा नियम विनाकेबल यंत्रालाही लागू आहे.

गाळ, टीसीएल व कठीण पाणी : गाळणीची सूक्ष्मता मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) सांगतात. साधी जाळी १५० ते १८० मायक्रॉनची असते. तिच्यात कडुनिंबाचा पाला, गुलमोहराच्या पाकळ्या, केस आणि वाळू अडकतात. बारीक गाळणी ५० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याखाली जाते. पण तापी खोऱ्यातील काळ्या मातीतली चिकणमाती दोन मायक्रॉनहूनही बारीक असते. वैशाखातल्या वावटळीनंतर तलावावर तवंग येतो, मग पाणी दुधट-करडे दिसते. ही माती कोणत्याही रोबोटच्या जाळीत पूर्ण सापडत नाही. दुसऱ्या दिवशी टोपली उघडली की वर निंबाचा मोहर आणि काटक्या, खाली जाळीला चिकटलेला गुळगुळीत काळा लेप. बोटाने पुसला तर तो पसरतो. बाहेरच्या बाजूने पाण्याचा फवारा मारला तरच निघतो. बारीक गाळणी अशा वेळी दहा-पंधरा मिनिटांत बुजते, यंत्राची ओढ जाते आणि ते भिंतीवरून घसरते. त्यामुळे धुळीच्या दिवसांत आधी मोठ्या जाळीने एक फेरी आणि नंतर बारीक गाळणीने दुसरी, असे करावे. म्हणून दोन्ही टोपल्या सोबत मिळणारे यंत्र घ्यावे. टोपलीची धारणक्षमता चार लिटरहून कमी असल्यास ती मोठ्या तलावाला अपुरी पडते.

बारीक माती बसवण्यासाठी तुरटी टाकण्याची जुनी पद्धत अजून सर्वत्र आहे व ती योग्यही आहे. मात्र तुरटीने खाली बसलेला फुलका थर रोबोटच्या ब्रशने पुन्हा उठतो आणि रात्रभराचे काम वाया जाते. तो थर हाताच्या व्हॅक्यूमने, फिल्टरमधून न नेता थेट बाहेर काढावा लागतो. रोबोट घेतला म्हणून व्हॅक्यूमची नळी व दांडा विकून टाकणारे व्यवस्थापक पहिल्याच वावटळीत अडचणीत येतात.

टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, हे गावोगावच्या पाणीपुरवठ्याचे ओळखीचे रसायन तलावातही वापरले जाते. तिचा न विरघळणारा चुनकट साका तळाला बसतो आणि गाळणी बुजवतो. पावडर बादलीत कालवून, निवळलेले पाणीच तलावात सोडल्यास हा त्रास बराच कमी होतो. जास्त मात्रेने क्लोरीन दिले असेल त्या रात्री यंत्र पाण्यात ठेवू नये. रबरी पट्ट्या व सीलबंद जोड यांचे आयुष्य घटते. बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी कठीण असल्याने पाण्याच्या रेषेवर क्षारांचा पांढरा पट्टा धरतो. तो ब्रशने निघत नाही. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्क प्रमाण) ७.२ ते ७.८ दरम्यान राखणे हा तो वाढू न देण्याचा मुख्य उपाय. ‘पाण्याची रेषा घासणारा’ म्हणून अधिक किंमत लावलेल्या यंत्राकडून तेलकट कड निघते, क्षार नव्हे, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

ब्रश व पृष्ठभाग : गुळगुळीत, चकचकीत टाइल्सवर स्पंजाचे ब्रश पकड धरतात, सिमेंटच्या गिलाव्यावर ते लवकर झिजतात, तेथे पीव्हीसीचे दातेरी ब्रश बरे.

अडकणे व उचलणे : केबल नसण्याची एक किंमत असते. यंत्र तळाच्या निचरा-जाळीवर किंवा शिडीच्या पायाशी अडकून थांबले, तर वर ओढायला काही नसते. आकडा लावलेली ॲल्युमिनियमची काठी सर्वांत खोल जागेपर्यंत पोचते का, हे आधी पाहावे; नाहीतर जीवरक्षकाला बुडी मारावी लागते. बॅटरी संपत आल्यावर काठाजवळ, पाण्याच्या रेषेशी येऊन थांबणारे नमुने यासाठी पसंत करावेत. पाण्याने भरलेले यंत्र पंधरा किलोच्या घरात जाते. उंच काठाच्या तलावातून ते रोज उचलायचे असते, म्हणून पाणी झरझर निथळण्याची सोय ही किरकोळ बाब नव्हे.

साठवण व बॅटरीची विल्हेवाट : पावसाळ्यात तलाव बंद ठेवायचा असल्यास बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये, निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून यंत्र कोरड्या, थंड खोलीत ठेवावे व दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. बॅटरी सुटी बदलता येते की यंत्र कारखान्याकडे परत पाठवावे लागते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. लिथियम बॅटरीच्या विमानवाहतुकीवर निर्बंध असल्याने दुरुस्तीला पाठवलेले यंत्र रस्त्याने जाते-येते, आणि उन्हाळी हंगामात एवढा वेळ परवडत नाही. सेवा केंद्र नाशिक किंवा सुरतेइतक्या अंतरावर असणे हा त्यामुळे निवडीचा एक निकष ठरतो. निकामी बॅटरी भंगारात देऊ नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये ती परत घेऊन पुनर्वापरास पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि या व्याख्येत आयातदारही येतो.