आयईएलटीएस ॲकॅडेमिक : गोव्यातील पूर्वतयारी

आयईएलटीएस ॲकॅडेमिक ही इंग्रजी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा आहे. इंग्रजी माध्यमाच्या परदेशी विद्यापीठात व्याख्यान समजणे, संदर्भ वाचणे, निबंध लिहिणे आणि चर्चेत भाग घेणे उमेदवाराला कितपत जमेल, हे ती तपासते. १९८० साली ती ईएलटीएस या नावाने सुरू झाली आणि १९८९ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी ही ऑस्ट्रेलियन शिक्षण कंपनी आणि केंब्रिज विद्यापीठ या तिघांची तिच्यावर संयुक्त मालकी असून भारतात २०२१ पासून ती घेण्याचे काम आयडीपीकडे आहे. १९९५ पर्यंत विषयशाखेनुसार वेगळे उतारे दिले जात, त्यानंतर सर्वांना एकच प्रश्नपत्रिका आली. त्यामुळे फर्मागुडीचा अभियांत्रिकी पदवीधर आणि मिरामारच्या महाविद्यालयातील कला शाखेचा विद्यार्थी हे दोघेही मधमाश्यांवरच्या किंवा काचेच्या इतिहासावरच्या त्याच उताऱ्याला सामोरे जातात.

गोव्यात ही परीक्षा मुख्यतः ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा जर्मनीत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणारे देतात, शिवाय परिचारिकाही देतात. ब्रिटनच्या परिचारिका नोंदणीसाठी लिसनिंग, रीडिंग व स्पीकिंगमध्ये प्रत्येकी ७ आणि रायटिंगमध्ये ६.५ बँड (० ते ९ या श्रेणीतील गुण) लागतो. जहाजावर नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या इंग्रजी चाचण्या वेगळ्या असतात. त्यासाठी कुणी ही परीक्षा देण्याचा सल्ला दिला, तर आधी कंपनीचे पत्र वाचावे. याच परीक्षेचा ‘जनरल ट्रेनिंग’ हा दुसरा प्रकार स्थलांतरासाठी असतो. नोंदणीत चुकून तो निवडला, तर विद्यापीठ निकाल स्वीकारत नाही. पीटीई आणि टोफेल या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षांचे पर्यायही बहुतेक विद्यापीठांना चालतात, पण प्रश्नांचे स्वरूप वेगळे असल्याने तयारी एकाच परीक्षेची करावी.

भाषिक पार्श्वभूमी

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा भागांतील सरकारी शाळांत चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यम आणि पाचवीपासून इंग्रजी, अशी वाट अनेकांनी चाललेली असते. अशा विद्यार्थ्याने विज्ञान, इतिहास, वाणिज्य सगळे इंग्रजीत वाचलेले असते आणि पाठ करून लिहिलेलेही असते. घरी मराठी, बाजारात कोकणी, वर्गात इंग्रजी. म्हणून त्याच्याकडे शब्द कमी असतात हा समज बहुधा चुकीचा ठरतो. कमी पडते ते अनोळखी विषयावर, घड्याळ लावून, स्वतःची वाक्ये रचणे. शब्दांच्या याद्या घोकण्यात पहिला महिना घालवणाऱ्यांचा रायटिंगचा बँड त्यामुळेच जागचा हलत नाही.

रचना व गुणपद्धती

लिसनिंग, रीडिंग आणि रायटिंग सलग, मध्यंतराशिवाय, सुमारे पावणेतीन तास चालतात. स्पीकिंग त्याच दिवशी किंवा आठवडाभर मागेपुढे होते. प्रत्येक विभागाला ० ते ९ बँड मिळतो आणि चारांची सरासरी जवळच्या अर्ध्या बँडकडे नेली जाते. सरासरीत .२५ आले तर वरचा अर्धा आणि .७५ आले तर वरचा पूर्ण बँड मिळतो. ७, ६.५, ६ आणि ५.५ यांची सरासरी ६.२५, म्हणजे एकूण बँड ६.५. मात्र विद्यापीठाची अट ‘एकूण ६.५, कोणत्याही विभागात ६ पेक्षा कमी नको’ अशी असेल, तर हा निकाल निरुपयोगी. विभागवार अट आधी पाहावी आणि तयारीचा वेळ सर्वांत कच्च्या विभागाला द्यावा.

पासपोर्ट आणि नाव

भारतीय उमेदवाराला नोंदणी व परीक्षा दोन्हींसाठी वैध मूळ पासपोर्ट लागतो, आधार कार्ड चालत नाही. गोव्यात अडचण येते ती नावाच्या स्पेलिंगची. जुन्या जन्मनोंदी पोर्तुगीज वळणाच्या असतात. नाईक आडनावात ‘के’च्या जागी ‘क्यू’, गावकरमध्ये ‘व्ही’च्या जागी ‘यू’, कामतचे स्पेलिंग भलतेच. वडिलांच्या दाखल्यावर एक रूप, मुलीच्या शालान्त प्रमाणपत्रावर दुसरे, असे घडते. परीक्षेची नोंदणी अक्षरशः पासपोर्टप्रमाणेच करावी. प्रमाणपत्र आणि पासपोर्ट जुळत नसतील, तर ती दुरुस्ती परीक्षेच्या आधी उरकावी, कारण नाव बदलण्याची कायदेशीर प्रक्रिया आणि नवा पासपोर्ट यांत बराच वेळ जातो. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांनी नोंदणी त्याच पासपोर्टवर करावी.

लिसनिंग

चार भाग, ४० प्रश्न, सुमारे ३० मिनिटे. ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते. कागदी परीक्षेत उत्तरे उतरवायला नंतर १० मिनिटे मिळतात, संगणकावर फक्त २ मिनिटे तपासणीसाठी. कागदावर सराव करून संगणकावर बसणारे इथे फसतात.

पहिल्या भागात फोन क्रमांक, पत्ता, नावाची अक्षरे असा तपशील असतो आणि तो सोपा वाटतो म्हणूनच गुण जातात. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘ए’ आणि ‘ई’, ‘डबल सेव्हन’ यांचा वेगळा सराव हवा. बोलणारा आधी एक दिवस सांगतो आणि लगेच तो बदलतो, तेव्हा उत्तर दुसरेच असते. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असे म्हटले असताना तीन लिहिले तर गुण शून्य, आणि अनेकवचनाचा शेवटचा ‘एस’ गाळला तरी शून्य. ब्रिटिश व अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात. एक उत्तर हुकले तर तिथे थांबू नये. एकासाठी अडून बसणारे पुढची तीन गमावतात.

रीडिंग

तीन उतारे, मिळून साधारण २,१५० ते २,७५० शब्द, ४० प्रश्न आणि ६० मिनिटे. उत्तरे उतरवायला वेगळा वेळ नाही. उतारे चढत्या काठिण्याचे असल्याने २०-२०-२० पेक्षा १५-२०-२५ अशी वाटणी सोयीची. बँड ७ साठी ४० पैकी साधारण ३० आणि ६ साठी साधारण २३ उत्तरे बरोबर यावी लागतात.

सर्वांत जास्त गुण ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ या प्रकारात जातात. समजा उताऱ्यात म्हटले आहे, की काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून भारतात आणले. ‘काजू अठराव्या शतकात आला’ हे विधान फॉल्स, कारण उतारा त्याच्या उलट सांगतो. ‘काजू फेणी गाळण्यासाठी आणला’ हे नॉट गिव्हन, कारण हेतूबद्दल उतारा गप्प आहे. हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या गाळपाच्या दारूचा, मोसम पाहत वाढलेला विद्यार्थी इथे स्वतःच्या माहितीवर ट्रू किंवा फॉल्स ठोकतो. नियम साधा आहे: विधान खोडणाऱ्या शब्दांवर उताऱ्यात बोट ठेवता आले तरच फॉल्स.

या प्रकारातील प्रश्न उताऱ्याच्या क्रमाने येतात, तर परिच्छेदाला शीर्षक जोडणे किंवा कोणती माहिती कोणत्या परिच्छेदात आहे हे शोधणे, यांत क्रम नसतो. म्हणून क्रमवार प्रश्न आधी सोडवावेत, तेवढ्यात उताऱ्याचा नकाशा डोक्यात तयार होतो. रोजच्या वाचनाला गोव्यातील इंग्रजी दैनिके पुरेशी नाहीत, त्यांतील विषय आधीच ठाऊक असतात. पाटो, पणजी येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात विज्ञान, पुरातत्त्व, मानसशास्त्रावरची सामान्य वाचकांसाठीची इंग्रजी पुस्तके वाचावीत.

रायटिंग

एकूण ६० मिनिटे. पहिल्या कार्यात आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेचे किमान १५० शब्दांत वर्णन, त्याला २० मिनिटे. दुसऱ्यात किमान २५० शब्दांचा निबंध, ४० मिनिटे. दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट.

आलेखाच्या वर्णनात सुरुवातीला प्रश्न स्वतःच्या शब्दांत मांडून लगेच दोन वाक्यांत ठळक चित्र सांगावे लागते. ते नसेल तर बाकी आकडे बिनचूक असूनही बँड अडतो. दुसरी चूक कारणे देण्याची. पर्यटकांच्या महिनावार आलेखात जून ते ऑगस्ट रेघ खाली आली, की गोव्याचा विद्यार्थी ‘पावसामुळे’ लिहितोच. आलेखात पाऊस नसेल तर उत्तरातही नको. शेवटी स्वतःचे मतही नको.

निबंधाला शाळेतल्या मराठी निबंधाची सवय नडते: सुभाषिताने सुरुवात, मग ‘आजच्या विज्ञानयुगात’ छापाचा परिच्छेद आणि मुद्दा शेवटी. परीक्षकाला भूमिका पहिल्याच परिच्छेदात हवी असते आणि प्रश्नाच्या प्रत्येक भागाला उत्तर हवे असते. ‘कारणे सांगा आणि उपाय सुचवा’ असे असताना दीड पान कारणांवरच खर्च करणारे अनेक असतात. ५ मिनिटे आराखडा, ३० मिनिटे लेखन, ५ मिनिटे तपासणी ही विभागणी पाळावी. प्रत्येक मधल्या परिच्छेदात एकच मुद्दा, त्याचे स्पष्टीकरण, एक ठोस उदाहरण. म्हादईचे पाणी, बंद पडलेल्या खाणी, किनाऱ्यावरची बांधकामे ही उदाहरणे हाताशी असतात, फक्त दूरच्या वाचकाला समजतील अशी मांडावीत. क्लासमध्ये मिळणारे तयार साचे परीक्षकाला ओळखू येतात आणि पाठ केलेला मजकूर गुणांत धरला जात नाही.

मराठीतून येणाऱ्या चुका ठरावीक आहेत. मराठीत उपपदे नसल्याने ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ गळतात किंवा नको तिथे घुसतात. ‘इन्फर्मेशन्स’ असे नसलेले अनेकवचन होते. ‘विषयी चर्चा’वरून ‘डिस्कस अबाउट’ लिहिले जाते. ‘जाऊन, पाहून, ठरवून’ अशी लांबणारी मराठी वाक्ये इंग्रजीत स्वल्पविरामांनी जोडलेली तीन वाक्ये होतात. स्वतःच्या अशा चुकांची यादी करून शेवटची ५ मिनिटे फक्त त्याच शोधाव्यात. संगणकावर शब्दसंख्या दिसते, पण स्पेलिंग तपासणी नसते. फोनवर अंगठ्याने लिहिणाऱ्यांनी कीबोर्डचा सराव पहिल्या आठवड्यापासून करावा.

हा विभाग एकट्याने सुधारत नाही. आठवड्याला दोन निबंध जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि तोच निबंध पुन्हा लिहावा. पुनर्लेखन टाळून रोज नवा विषय घेणारे त्याच चुका नव्या विषयात करतात.

स्पीकिंग

परीक्षकाशी ११ ते १४ मिनिटांचे संभाषण. आधी घर, शिक्षण, आवडीनिवडी. मग कार्डावरील विषयाची १ मिनिट तयारी आणि १ ते २ मिनिटे सलग बोलणे. शेवटी त्याच विषयावर व्यापक चर्चा. सलग बोलण्यात बहुतेकांचे ४० सेकंदांत संपते. चवथीची (गणेशचतुर्थीची) माटोळी, शिगम्याची मिरवणूक, कुळागरातले (पोफळीच्या बागेतले) पाट हे कधीच न पाहिलेल्या माणसाला इंग्रजीत सांगून पाहणे हा उत्तम सराव. माटोळी असेल तर: लाकडी चौकट, तिच्यावर बांधलेली रानफळे व भाज्या, ती कुठे टांगतात, कशासाठी. स्थानिक नाव एकदा घ्यावे आणि पुढे वर्णन करावे. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकले की अडखळण्याच्या जागा कळतात.

गोव्याचा हेल असला म्हणून गुण कापत नाहीत. ऐकणाऱ्याला शब्द कळला नाही तर मात्र जातात. ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ एकच होणे, ‘शिप’ आणि ‘शीप’ सारखेच ऐकू येणे, ‘-च’साठी दर वाक्याला ‘ओन्ली’ आणि शेवटी ‘ना’ जोडणे, एवढ्याकडे लक्ष दिले तरी पुरते. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारावा, त्याने गुण जात नाहीत.

कालावधी आणि परीक्षेचा दिवस

सुरुवात पूर्ण सराव चाचणीने करावी, क्लासच्या शुल्काची पावती नंतर. हव्या बँडपासून अर्धा बँड दूर असलेल्याला रोज दीड-दोन तासांप्रमाणे आठ ते बारा आठवडे ही रास्त मुदत. एक पूर्ण बँड कमी असेल तर तारीख पुढे ढकलावी, कारण शुल्क पाच आकडी आहे. केंब्रिजच्या अधिकृत सरावसंचाच्या एका पुस्तकात चारच पूर्ण चाचण्या असतात. त्या रोज एक संपवू नयेत. एक चाचणी सोडवून पुढचे दोन-तीन दिवस चुकांचे कारण शोधण्यात घालवावेत. शेवटच्या पंधरवड्यात निदान दोन चाचण्या विश्रांतीशिवाय सलग द्याव्यात.

गोव्यात हवी ती तारीख नसेल तर पुणे, मुंबई किंवा बंगळूर गाठावे लागते. पावसाळ्यात चोर्ला, अनमोड व आंबोली घाटांत दरडी कोसळतात आणि कोकण रेल्वेचे वेळापत्रकही बदलते, तेव्हा आदल्या रात्री निघून सकाळी पेपर हा बेत करू नये. एक दिवस आधी पोहोचावे. दालनात मनगटी घड्याळ व फोन नेता येत नाही आणि स्वच्छतागृहात गेलेला वेळ भरून मिळत नाही.

निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. एकाच विभागाने घात केला असेल, तर संगणकीय परीक्षेत ६० दिवसांच्या आत तेवढाच विभाग पुन्हा देता येतो, मात्र असा निकाल सगळी विद्यापीठे घेत नाहीत. फेरतपासणीचा अर्ज सहा आठवड्यांत करायचा असतो आणि बँड वाढला तर तिचे शुल्क परत मिळते. ती रायटिंग व स्पीकिंगसाठीच मागण्यात अर्थ आहे. लिसनिंग-रीडिंगची उत्तरे ठरलेल्या किल्लीने तपासली जात असल्याने तिथे बदल क्वचितच होतो.