प्रोबसच्या नाण्यावरची चांदी

घरात जुनं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील, असा एक फॉरवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतो. जुनं म्हणजे महाग हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. प्रत्यक्षात रोमन सम्राटाचं सुमारे साडेसतराशे वर्षांपूर्वीचं अस्सल नाणं साध्या स्मार्टफोनपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतं.

या सम्राटाचं नाव प्रोबस. इसवी सन 276 ते 282 एवढंच त्याचं राज्य. त्यातला बराच काळ सरहद्दीवर लढण्यात गेला आणि शेवटी सिर्मियममध्ये, म्हणजे आजच्या सर्बियात, त्याच्याच सैनिकांनी त्याला मारलं. नाणी मात्र त्याने अफाट पाडली. त्या धामधुमीच्या शतकात लोकांनी पैसा जमिनीत पुरलाही खूप. 2010 मध्ये इंग्लंडमधल्या फ्रोमजवळ एकाच रांजणात 52,503 रोमन नाणी निघाली, बहुतेक याच काळातली. पुरवठा एवढा असल्यावर भाव कसा चढणार?

पण मला प्रोबस आवडतो तो त्याच्या नाण्यावरच्या चांदीमुळे. ही नाणी 'अँटोनिनिअनस' प्रकारची. हा प्रकार आधीचा सम्राट कॅराकॅला याने 215 मध्ये सुरू केला, तेव्हा त्यात निम्म्याच्या आसपास चांदी होती. युद्धांच्या खर्चापायी ती घटत घटत 270 च्या सुमारास दोन-तीन टक्क्यांवर आली. सम्राट ऑरेलियनने 274 मध्ये ती पाच टक्क्यांच्या आसपास आणली. प्रोबसच्या नाण्यावर खाली दिसणारा रोमन एकवीस हा आकडा त्याचीच ग्वाही मानतात: वीस भाग तांबं, एक भाग चांदी. तरीही चांगलं जपलेलं नाणं चांदीसारखं चकाकतं. कसं?

आधी पन्नास टक्केवालं नाणं घेऊ. तांबं आणि चांदी वितळल्यावर एकजीव होतात, पण थिजताना वेगळी होऊ लागतात. आधी तांब्याचे स्फटिक धरतात. उरलेल्या रसात चांदीचं प्रमाण वाढत जातं आणि ते 72 टक्क्यांवर पोचलं की तो रस 780 अंशांना घट्ट होतो. म्हणजे तांब्याच्या स्फटिकांभोवती चांदीबहुल भागाची सलग जाळी तयार होते. आता या धातूची कोरी चकती हवेत तापवा. पृष्ठभागावरच्या तांब्याचं ऑक्साइड होतं, चांदी तशीच राहते. मग आम्लात बुडवा, की ऑक्साइड विरघळतं. चिंचेने तांब्याचं भांडं उजळतं ते याच रसायनाने. मागे राहतो चांदीचा स्पंज, आणि नाणं पाडताना ठशाचा घाव बसला की तो दबून गुळगुळीत कातडी होते.

प्रोबसच्या नाण्यात ही युक्ती चालत नाही. पाच टक्के चांदीची जाळी होतच नाही. तांब्याच्या समुद्रात सुटी बेटं राहतात. तांबं काढलं तर बेटंही सुटून जातील. म्हणजे इथे चांदी बाहेरून चढवली असणार, काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा मुलामा. अशा काही उत्तरकालीन रोमन नाण्यांवर पाऱ्याचे अंश सापडले आहेत, त्यामुळे चांदी-पाऱ्याचा लेप लावून तापवत असावेत असा एक तर्क आहे. तो सगळ्यांना मान्य नाही.

म्हणून सराफाच्या कॅरेट मीटरवर अशा नाण्यांची परीक्षा करू नये. त्यातले क्ष-किरण वरच्या थरापुरतंच सांगतात आणि चांदी भरमसाट दाखवतात. घासूनपुसून लख्ख करायलाही जाऊ नका; नाक, गाल, मुकुटाची टोकं इथे मुलामा आधीच विरलेला असतो, उरलेला तुम्ही घालवाल.

धातूंचा विषय निघालाच आहे तर 'राइस पुलर' म्हणून खपवल्या जाणाऱ्या नाण्याबद्दलही. वीज पडलेलं, इरिडियम मिसळलेलं तांब्याचं नाणं तांदूळ ओढून घेतं म्हणे! तांबं आणि इरिडियम दोन्ही लोखंडासारखी चुंबकीय नाहीत, आणि तांदूळ तर नाहीच नाही. शुद्ध फसवणूक आहे ती.

दक्षिण भारतात सापडणारी रोमन चांदीची नाणी मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियस या आधीच्या सम्राटांची, चांगल्या चांदीची. प्रोबस हवा तर विश्वासू विक्रेत्याकडूनच घ्यावा. सुरुवात टिकिनमच्या, म्हणजे आजच्या इटलीतल्या पाव्हियाच्या टांकसाळीपासून करा. तिथल्या सहा कार्यशाळांनी एका मालिकेत आपापल्या नाण्यावर एकेक अक्षर टाकलं: ई, क्यू, व्ही, आय, टी, आय. सहाही जमली की 'एक्विटी' (EQVITI) हा लॅटिन शब्द पुरा होतो.