रेघ ओढत चालणारे दगड

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,130 मीटर उंचीवर, डोंगरांच्या कुशीत एक कोरडं तळं आहे. त्याचं नाव रेसट्रॅक प्लाया. लांबी साधारण साडेचार किलोमीटर, रुंदी दोन. तळाचा चिखल वाळून त्याला जाळीसारख्या भेगा पडल्या आहेत, आणि तो इतका सपाट आहे की दोन टोकांच्या उंचीत अवघ्या काही सेंटिमीटरचा फरक. त्यावर दगड विखुरलेले आहेत आणि अनेकांच्या मागे लांबच लांब रेघ आहे. नांगराच्या तासासारखी खोल नाही, पण अगदी स्पष्ट. काही रेघा सरळ, काही मध्येच वळलेल्या. आजूबाजूला पायाचा ठसा नाही की चाकाची खूण नाही.

दगड आले कुठून, हे सोपं आहे. दक्षिणेला डोलोमाइट या खडकाचा उभा कडा आहे, त्याचे तुकडे सुटून तळ्यात पडतात. तिथून पुढे ते सरकतात कसे, हे कोडं मात्र विसाव्या शतकात भूशास्त्रज्ञांना पुरून उरलं. उतार नाहीच, त्यामुळे घरंगळण्याचा प्रश्न मिटला. वादळी वारा म्हणावा, तर इथे तीनशे किलोच्या पुढचाही दगड आहे. 1955 साली जॉर्ज स्टॅनली यांनी बर्फाकडे बोट दाखवलं. 1970 च्या दशकात रॉबर्ट शार्प आणि ड्वाइट केरी यांनी ते तपासायला दोन दगडांभोवती लोखंडी गजांचं कोंडाळं केलं. बर्फाची लादी सरकत असेल तर ती गजांना अडेल, असा हिशोब. एक दगड कोंडाळ्यातून निसटला, दुसरा जागचा हलला नाही! मला या सगळ्या कहाणीत हाच प्रयोग सर्वांत प्रिय आहे. इतकी नेटकी मांडणी, आणि निसर्गाने दोन्ही बाजूंनी साक्ष दिली.

पुढे संशोधक रिचर्ड नॉरिस आणि त्यांचे अभियंता चुलतभाऊ जेम्स नॉरिस यांनी हे काम हाती घेतलं. तिथल्या दगडांना भोक पाडायला उद्यानाची परवानगी नव्हती. म्हणून त्यांनी बाहेरून 15 दगड आणले, त्यांत जीपीएस यंत्रं बसवली, काठावर हवामान केंद्र उभारलं आणि 2011 च्या हिवाळ्यापासून वाट पाहायला सुरुवात केली. कित्येक वर्षं काहीच घडणार नाही, याची तयारी ठेवूनच.

डिसेंबर 2013 मध्ये ते तिथे पोहोचले तेव्हा तळ्यात काही सेंटिमीटर पाणी साचलेलं होतं. रात्री पारा शून्याखाली जाई आणि पाण्यावर 3 ते 6 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे खिडकीच्या काचेएवढा, बर्फ धरे. सकाळी उन्हाने तो तडकून त्याचे मोठमोठे पत्रे पाण्यावर तरंगू लागत. मग वारा सुटे. सोसाट्याचा नव्हे, ताशी पंधरा-वीस किलोमीटरचा, दोरीवरचे कपडे हलतील एवढाच. पण पत्र्याचं क्षेत्रफळ प्रचंड, आणि त्या सगळ्यावर वारा रेटत असतो. तो रेटा पत्र्याच्या कडेतून दगडावर येतो. खालचा चिखल भिजून निसरडा झालेला असतो, म्हणून दगड सरकतो. वेग मिनिटाला दोन ते पाच मीटर; रांगणारं बाळही त्याला मागे टाकेल. 20 डिसेंबरला एका दिवसात साठाहून अधिक दगड हलले. त्या हिवाळ्यात एकाने एकूण 224 मीटरची मजल मारली.

एकमेकांपासून लांब असलेल्या दगडांच्या रेघा समांतर का, याचंही उत्तर यात मिळतं: बर्फ आणि वारा त्यांना एकाच दिशेने लोटत असतात. आणि इतकी वर्षं कोणाला ते दिसलं कसं नाही, याचंही. काठावरून पाहताना दगडासोबत भोवतालचा बर्फही सरकत असतो, त्यामुळे डोळ्याला हालचाल जाणवत नाही. ताजी रेघ पाण्याखाली असते. पाणी आटलं की उघडी पडते.

ओल्या चिखलात उमटलेला बुटाचा ठसाही असाच वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून तळं ओलं असताना त्यावर पाऊल ठेवू नये, असं उद्यान बजावतं. तरीही 2016 साली कोणीतरी तिथे गाडी घातली आणि तळ्यावर कित्येक किलोमीटर चाकांचे वळसे उमटले. काहींनी तर दगडच उचलून नेले आहेत. अशा जागी आता नुसती रेघ दिसते, टोकाला दगड नसलेली.